विचारल्याशिवाय आत नाही

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सिमेंटची कमान आहे. दर ऑगस्टमध्ये तिला लाल-पांढरा रंग लागतो आणि खालच्या पाटीवरची अक्षरंही पुन्हा गिरवली जातात: 'पाहुण्यांनी चोवीस तासांच्या आत वर्दी द्यावी.' ही पाटी साऱ्या जावा बेटावर गल्लोगल्ली आहे आणि ती कुठेही कोणी वाचत नाही. आमच्या गल्लीत ती वाचावीच लागत नाही, कारण पाटीखाली वेताच्या खुर्चीत पाक मोको बसलेले असतात.

पूर्ण नाव प्रिहात्मोको; पाक म्हणजे आमच्याकडचं 'काका'. आडनाव वगैरे भानगड नाही. वय पन्नाशीचं, अंगकाठी बारीक, डोळ्यांवर चष्मा, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यातलं एक कधीच उठत नाही, पण तेही रोज असतं. ते आमच्या गल्लीचे प्रमुख, म्हणजे पाक एर्ते. निवडून आले असं म्हणायची पद्धत आहे. खरं म्हणजे त्या सभेला ते उशिरा पोचले, आणि जो उशिरा येतो त्याच्या गळ्यात हे काम पडतं. पण गळ्यात पडलेलं काम एखाद्याला इतकं मानवावं, हे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

दिवसा ते प्रोग्रामर आहेत, आणि माझं नशीब असं की मी त्यांच्याच कचेरीत आहे. शिवाय त्यांच्या घरामागे भाड्याच्या खोल्या आहेत, त्यातली एक माझी. म्हणजे पाच वाजेपर्यंत एका खुर्चीतले पाक मोको आणि पाचनंतर दुसऱ्या खुर्चीतले. योग्याकार्ता एवढं मोठं शहर, पण मला सुटका म्हणून नाही.

पांजी पहिल्यांदा मला भेटायला आला तेव्हा त्याने कमानीपाशीच मोटरसायकल बंद केली आणि रीतीप्रमाणे ढकलत आणली. तेवढ्यावर त्याला वाटलं, सुटलो.

"कोणाकडे?" खुर्चीतून प्रश्न आला.

"लारासकडे, पाक."

"नाव?"

"पांजी."

"गाव?"

"क्लातेन."

"क्लातेन बरंच मोठं आहे."

"बाजाराजवळ, पाक. सोतो सूपचं दुकान आहे ना, ते आमचंच. आई चालवते."

"जेवलास?"

"हो हो, जेवून आलोय."

"काय जेवलास?"

पांजी शाळेत गणित शिकवतो. आकड्यांत त्याला कोणी अडवू शकत नाही, पण इथे तो अडला. कारण तो जेवलाच नव्हता, नुसता भिडेपोटी हो म्हणाला होता. पाक मोकोंनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि घराकडे बोट केलं. "बायको तेंपे तळतेय. आधी खा, मग भेट."

तो माझ्या दारात आला तेव्हा बोटं तेंपेच्या, म्हणजे सोयाबीनच्या वड्यांच्या, तेलाने माखली होती. "तुला भेटण्यापेक्षा परदेशी जाणं सोपं आहे," म्हणाला. "तिथे निदान काय जेवलात हे विचारत नाहीत."

बू मोकोंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे सांगितलं तेव्हा त्या हसत सुटल्या. "अगं, मला बघायला आले तेव्हा माझ्या आईने केळ्याची भजी पुढे ठेवली. ह्यांनी विचारलं, केळं कुठल्या जातीचं? आईला वाटलं, मुलाच्या मनात नाही. आठ दिवस रडत होती बिचारी. आणि ह्यांनी नुसतं विचारलं होतं!"

कचेरीतही तेच. फोटोकॉपीच्या दुकानावर आमची कचेरी आहे, मालक मास दानांग, म्हणजे दानांगदादा. वयाने माझ्याएवढाच, पण मालक असल्यामुळे चष्मा लावतो. आमचं नाव झालं ते वेतोनच्या ॲपमुळे. आमच्याकडे सात वारांचा आठवडा आहे आणि पाच बाजारवारांचा आणखी एक. दोन्ही मिळून माणसाचं वेतोन ठरतं. प्रत्येक वाराला आकडा आहे. मुलाचे आणि मुलीचे आकडे मिळवायचे, आठने भागायचं आणि बाकी उरेल तो संसार. हे आजोबा लोक बोटांवर करायचे, आता आमचं ॲप करतं. ॲपमध्ये तारीख टाकली की काळजात धस्स होण्याची सोय मात्र आजोबांच्या वेळचीच ठेवली आहे.

हे सगळं आम्ही रूबी नावाच्या भाषेत लिहितो. ती भाषा स्वभावाने आमच्या लोकांसारखीच भिडस्त आहे. तिच्यातली मेथड म्हणजे कामाला बसवलेला एक कारागीर समजा. त्याच्या हातात जे ठेवाल ते आर्ग्युमेंट. तारीख ठेवा, आकडा ठेवा, चुकून कोणाचा पत्ता ठेवा, तो मुकाट्याने घेतो आणि कामाला लागतो. तू कोण, कुठला, असं दारात विचारत नाही. काही बिनसलं तर ते प्रोग्राम चालू झाल्यावर, भलत्याच ठिकाणी कळतं.

पाक मोकोंना ही भिडस्त चाल मुळीच खपत नाही. कुठे काही बिघडलं की आम्ही मेथड उघडून तिची आतडी चिवडायला लागतो. ते मात्र मेथडच्या उंबऱ्यावर एकच ओळ टाकतात. प्रोग्राम चालू असताना त्या दारात जो कोणी येईल त्याचं नाव, जात आणि कुठून पाठवला, हे ती ओळ पडद्यावर लिहून दाखवते. मग पाक मोको हाताची घडी घालून बसतात. कमानीखाली बसतात तसेच.

एकदा रविवार क्लिवोनची बेरीज चुकायला लागली. रविवारचे पाच आणि क्लिवोन या बाजारवाराचे आठ मिळून तेरा व्हायला हवेत, तर येत होते अठ्ठावन्न. आमचा रेंद्र नावाचा हुशार गडी सकाळपासून बेरजेच्या मेथडमध्ये डोकं घालून बसला होता. जेवणाच्या वेळेपर्यंत त्याचा गणितावरचाच विश्वास उडाला होता.

"पोटात कशाला हात घालतोस रे?" पाक मोको म्हणाले. "दारात काय आलंय ते बघ."

उंबऱ्यावर ओळ टाकली. दारात आले होते ते आकडे नव्हतेच, आकड्यांच्या वेशातली अक्षरं होती. पाच हे अक्षर आणि आठ हे अक्षर शेजारी शेजारी उभं केलं की अठ्ठावन्नच दिसणार. कारागिराचा काही दोष नव्हता. रेंद्रने कपाळावर हात मारला, आणि तेव्हापासून तो पाक मोकोंना 'पाक वर्दी' म्हणतो. तोंडावर म्हणतो. त्यांना ते आवडतं, असा आमचा संशय आहे.

तर अशा माणसाच्या देखरेखीखाली माझं आणि पांजीचं जमलं.

पांजीची आई, बू वार्सिनी, मला पहिल्या भेटीतच आवडल्या. त्यांनी दिलेल्या चहात इतकी साखर होती की दात शिवशिवले. आमच्याकडे चहा जितका गोड तितका पाहुणा हवासा. निघताना त्यांनी माझी जन्मतारीख विचारली, मी सांगितली. ईद झाली की मागणी घालायला येऊ, असंही बोलणं झालं. मी वोनोसारीला आईला फोन करून सांगून टाकलं. आईने शेजारीपाजारी सांगितलं. शेजाऱ्यांनी पुढे कोणाला सांगितलं ते विचारू नका.

ईद झाली. क्लातेनहून काही नाही. पांजीने आईजवळ विषय काढला तर त्या म्हणाल्या, "बघू या हं. इतक्यात नको."

ज्याने जावात जन्म काढला आहे त्याला हे चार शब्द समजावून सांगायला नकोत. आमच्याकडे 'नाही' हा शब्द तोंडावर कोणी म्हणत नाही, तो असा साखरेत घोळून देतात. पांजी आठवडाभर माझ्याशी बोलताना बुटांकडे बघत होता. शेवटी मीच त्याला गाठलं.

"काय झालं ते सांगणार आहेस की बूट सांगणार आहेत?"

"आईने आपलं वेतोन बघितलं," तो म्हणाला. "बाकी एक उरली. पेगात."

पेगात म्हणजे काडीमोड. आठांतलं सगळ्यात वाईट.

"बघितलं कुठे?"

तो पुन्हा बुटांकडे वळला. "तुमच्याच ॲपवर."

माझा या गोष्टींवर विश्वास आहे का, असं कोणी विचारलं तर सांगते, दुपारी नाही, तिन्हीसांजेला थोडा आहे. पण त्या दिवशी मला विश्वासाचं काही पडलं नव्हतं. मला पांजी हवा होता. ज्या ॲपची मी दोन वर्षं तपासणी केली, त्यानेच माझं लग्न मोडावं, याचा मला इतका संताप आला की कचेरीत येऊन मी पर्स टेबलावर आपटली.

"जेवलीस?" पाक मोकोंनी विचारलं.

"नाही! आणि जेवणार पण नाही! तुमच्या ॲपने मला सासर नाही म्हणून सांगितलंय."

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, असू दे पोरी, ॲपचं काय मनावर घेतेस. पाक मोकोंनी खुर्ची ओढली. "ये इकडे. दारात काय आलंय ते बघू."

त्यांनी वेतोन काढणाऱ्या मेथडच्या उंबऱ्यावर आपली ती ओळ टाकली. मी माझ्या फोनवर माझी जन्मतारीख भरली, बू वार्सिनींनी भरली असेल तशीच. पडद्यावर दोन गोष्टी उमटल्या. जन्मतारीख, बरोबर. आणि तिच्याखाली: सूर्यास्तानंतर जन्म, नाही.

"सूर्यास्तानंतर नाही, असं तू सांगितलंस?" पाक मोकोंनी विचारलं.

"मी? छे. मला कोणी विचारलंच नाही. फोनवर तसा प्रश्नच नाहीये."

"मग हे 'नाही' आलं कुठून?"

जावात दिवस मध्यरात्री बदलत नाही, सूर्य मावळला की बदलतो. सोमवारी मगरिबची बांग झाल्यावर जन्मलेलं मूल मंगळवारचं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ॲपमध्येही पूर्वी तो प्रश्न होता: सूर्यास्ताआधी की नंतर? पण लोक तिथे अडायचे, आईला विचारून सांगतो म्हणून फोन खाली ठेवायचे आणि परत यायचेच नाहीत. मास दानांगने प्रश्न काढून टाकला. प्रश्न गेल्यावर मेथड अडून बसली, कारण तिला दोन गोष्टी हव्या होत्या आणि एकच मिळत होती. तेव्हा कोणीतरी तिच्याजवळ एक तयार उत्तर ठेवून दिलं. काहीच आलं नाही तर 'नाही' धरून चाल.

कोणती ओळ कोणाच्या हातची, हे दाखवायची सोय आमच्याकडे असते. रेंद्रने ती चालवली. ओळीपुढे नाव आलं: प्रिहात्मोको.

मग रेंद्रला राहवेना. "पाक, या पाहुण्याने चोवीस तासांत वर्दी दिली होती का?"

सगळे हसले. मीही हसले, म्हणजे इतका राग असूनही हसले. पाक मोको हसले नाहीत. त्यांनी खिशातलं न उठणारं पेन काढलं, बघितलं आणि परत ठेवलं.

"मी रोज बघत होतो," ते हळूच म्हणाले. "दारात 'नाही' उभं दिसायचं. मीच ठेवलेलं विसरलो, मला वाटायचं, बाहेरून कोणी सांगून पाठवलंय. कोणी 'नाही' म्हणालं काय आणि कोणी काहीच बोललं नाही काय, आत आल्यावर दोघं सारखीच दिसतात गं. ती दारातच वेगळी ओळखायला हवी होती."

मला त्यांची इतकी दया आली की माझा राग बसायला जागा शोधू लागला. तो मिळेल तिथे बसवण्याआधी मी आईला फोन लावला.

"आई, माझा जन्म मावळतीच्या आधी की नंतर?"

"हे काय आता मध्येच? नंतर. बांग झाली, तुझे बाबा नमाजाला गेले, परत येतात तो तू हजर."

"मग माझं वेतोन सोमवार क्लिवोन ना?"

"मंगळवार लगी! सोमवार कुठला?"

"पण माझ्या वेतोनची लाल-पांढरी पेज तू सोमवारी करायचीस."

"सोमवारी संध्याकाळी, दिवे लागल्यावर. म्हणजे मंगळवार लागला की नाही? इतकी वर्षं मिटक्या मारत खाल्लीस, एकदा तरी विचारलंस का गं, आई, ही कसली पेज?"

मी फोन खाली ठेवला. मंगळवार लगी घेऊन बेरीज केली तर बाकी उरत होती पाच, म्हणजे तिनारी. अन्नपाण्याला तोटा नाही, सुखाचा संसार. पाक मोकोंनी ते तयार उत्तर खोडलं. दुसरी गोष्ट आलीच नाही तर मेथडने पुढे जायचंच नाही, थांबायचं आणि विचारायचं, असं लिहिलं. फोनवरचा प्रश्न जागच्या जागी परत आला, आणि उत्तरांत तिसरं एक आलं: 'माहीत नाही'. ते निवडलं की ॲप दोन्ही वेतोनं दाखवतं.

"आणि आजवर ज्यांनी बघितलं त्यांना कळवायला हवं," ते मास दानांगला म्हणाले.

दानांग उडालाच. "सगळ्यांना? पाक, लोक म्हणतील ॲप खोटं बोलतं."

"खोटं नाही बोललं. न विचारता बोललं. तसंच कळवू."

"नको. ज्यांना शंका येईल ते विचारतील."

"बरं," पाक मोको म्हणाले. "मास दानांग, तुमचा जन्म कधीचा? आधीचा की नंतरचा?"

दानांग फोन घेऊन गॅलरीत गेला. आईशी काय बोलला ते काचेतून ऐकू आलं नाही, पण दानांगचं लग्न मागच्याच वर्षी, बाकी बघून झालं होतं, हे आम्हाला ठाऊक होतं. परत आला तेव्हा चष्मा हातात होता. "पाठवा," म्हणाला, आणि आम्ही कोणीही पुढे काही विचारलं नाही. पाक मोकोंनी सुद्धा नाही.

निरोप सगळ्यांना गेला. बू वार्सिनींना तोंडाने सांगणं मला शक्य नव्हतं. वडीलधाऱ्या बाईला, तुमचा हिशेब चुकला, असं होणाऱ्या सुनेने सांगायचं? त्यापेक्षा लग्न मोडलेलं बरं, अशी आमची शिकवण. पांजी म्हणाला, मी बोलतो आईशी. पण तो आईशी बोलतो म्हणजे सोतो वाढता वाढता विषयाच्या कडेकडेने जाऊन परत येतो. निरोप त्यांच्या फोनवर गेला आहे, त्या वाचतील, मग बोलावतील, असं धरून मी बसले.

त्यांनी बोलावलं नाही. पुढच्या आठवड्यात नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. तेव्हा मला कळून चुकलं की वेतोन हे निमित्त होतं, मीच त्यांना नको होते. वोनोसारीच्या डोंगरातली, बाप नसलेली, कचेरीत नोकरी करणारी. मी जाकार्तातली एक नोकरी पक्की केली. एका संध्याकाळी कमानीखाली जाऊन पाक मोकोंना सांगितलं, "महिनाअखेर खोली सोडतेय."

"का?"

"क्लातेनचं उत्तर मिळालं म्हणून."

"काय उत्तर आलं?"

"काहीच आलं नाही. म्हणजे नाहीच ना?"

ते खुर्चीत जरा पुढे सरकले. "अगं, माझं 'नाही' खोडलं आणि तू तेच लिहिलंस होय?"

मला ते फार लागलं. "तुम्हाला काय जातं बोलायला," मी म्हणाले. "तुम्ही प्रश्न विचारता, जगायचं आम्हाला असतं." आणि खोलीत जाऊन रडले. बू मोकोंनी दाराबाहेर तेंपेची ताटली ठेवली, ती मी सकाळी उचलली.

त्या रविवारी दुपारी मी कपडे खोक्यात भरत होते. माझी खोली वरच्या मजल्यावरची, खिडकी घराच्या बाजूने कमानीवर उघडते. रिक्षा थांबल्याचा आवाज आला म्हणून सहज बघितलं, तर बू वार्सिनी उतरत होत्या. बाटिकचा चांगलातला ब्लाउज, हातात चार कप्प्यांचा डबा. डबा घेऊन माणसं मागणी घालायलाही येतात आणि मोडायलाही येतात. हात हलवत आमच्याकडे कुठेच कोणी जात नाही.

पाक मोको उठून उभे राहिले. त्या कोण, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी खुर्ची पुढे करून त्यांनी सुरुवात केली.

"नाव, बू?"

"वार्सिनी."

"गाव?"

"क्लातेन. उकाडा आहे नाही आज?"

"आहे. कोणाकडे?"

"लारासकडे. सहज. वाटेवरून चालले होते."

क्लातेनहून निघालेल्या बाईला आमची गल्ली कुठल्याच वाटेवर लागत नाही.

"घरी सोतो उरला होता," बू वार्सिनी डब्याकडे बघत म्हणाल्या. "म्हटलं, देऊन यावं."

"चांगलं केलंत. पाहुण्या म्हणून आलात की घरच्या म्हणून?"

"म्हणजे?"

"पाटी आहे ना, बू. पाहुण्यांची नोंद करावी लागते. घरच्यांची नाही. मी माझ्या मनाने काही लिहीत नाही हल्ली."

बू वार्सिनी गप्प झाल्या. आमच्याकडे अशा वेळी समोरचा माणूस लगेच काहीतरी बोलून सांभाळून घेतो, असू द्या, बसा, पाणी आणू का, म्हणतो. तसं केलं नाही तर तो उद्धटपणा. पाक मोकोंनी तो उद्धटपणा केला. हाताची घडी घालून ते उभे राहिले. मी खिडकीचा गज इतका घट्ट धरला की हाताला गंज लागला. मला वरून ओरडावंसं वाटत होतं, अहो सोडा हो त्यांना, नका विचारू, उत्तर आलं तर मी काय करू?

"काय हा उकाडा," बू वार्सिनी पुन्हा म्हणाल्या. मग डबा या हातातून त्या हातात घेतला. "घरची. सुनेला भेटायला आलेय. आता सोडता की सुनेचं नाव पण सांगू?"

"सांगितलंत मघाशी," पाक मोको म्हणाले आणि बाजूला झाले.

मी कशी खाली आले आणि बू वार्सिनींना वर घेऊन गेले ते मला माहीत नाही. त्यांनी खोलीतली खोकी बघितली, माझे डोळे बघितले आणि खाटेवर बसल्या.

"हे काय? कुठे निघालीस?"

"तुम्ही काही कळवलं नाहीत," मी म्हणाले. "मला वाटलं, पेगात आलं म्हणून..."

"पेगात? अगं, माझं आणि पांजीच्या बाबांचं पेगातच आहे. अजून एका पातेल्यातला सोतो विकतोय आम्ही." त्यांनी डब्याची कडी काढली. "पेगात असलं की मागणीचा दिवस फार जपून काढावा लागतो. आमच्या सोलोच्या काकांकडे तीन खेपा घातल्या मी, तेव्हा आजचा मिळाला. पांजीला म्हटलं होतं की, बघू या, इतक्यात नको."

"पण आम्हाला वाटलं, तुमची इच्छा नाही."

"मला कोणी विचारलं?" त्या म्हणाल्या.

मला हसू आणि रडू एकदमच आलं. ॲपवरचा निरोप त्यांनी उघडलाही नव्हता. जाहिरात असेल म्हणून पुसून टाकला होता. मी त्यांना सगळं सांगितलं, बांग, बाबांचा नमाज, मंगळवार लगी, तिनारी. त्यांनी ऐकून घेतलं आणि मोठा सुस्कारा टाकला.

"म्हणजे आजचा दिवस चुकला की गं. परत सोलोला जायला लागणार." मग माझ्या पुढ्यात वाटी सरकवली. "ते नंतर बघू. सोतो निवतोय."

संध्याकाळी त्यांना रिक्षात बसवून मी कमानीपाशी थांबले. त्या दिवशी रागाने बोलले होते, त्याबद्दल पाक मोकोंना काहीतरी म्हणायचं होतं, पण ते तोंडातून निघेना. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "महिनाअखेरचं ते अजून आहे का? का खोडू?"

"आहे," मी म्हणाले. "खोली सोडणार आहेच. आता नाही, लग्नाचा दिवस निघाला की. पण जाकार्ताला नाही, क्लातेनला."

ते उठले, खुर्ची उगाच इकडची तिकडे केली आणि चष्मा काढून शर्टाला पुसला.

"जेवलीस?" त्यांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच उत्तराला न थांबता भराभर घरात निघून गेले.